मागचा कोपरा

त्या रविवारी बाबा बागेतून आले तेव्हा त्यांच्या एका हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि दुसऱ्या हातात तो छोटा काळा स्पीकर. बोरीवली पूर्वेला आमच्या सोसायटीपासून महापालिकेची बाग पाच मिनिटांवर आहे. तिथे सकाळी सव्वासहाला ताय ची ह्या संथ चिनी व्यायामाचा वर्ग भरतो. वर्गाचा स्पीकर रोज घरी आणून चार्ज करायचं काम बाबांनी आपणहून घेतलं होतं. त्यांनी तो टीव्हीशेजारी प्लगला लावला, मेथी ओट्यावर ठेवली आणि पंख्याखाली बसले.

"आज माकड आलं होतं," ते म्हणाले. "दादूच्या पिशवीतलं केळं घेऊन गेलं. दादू म्हणतो, तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो, कोणाची माझा खिसा कापायची हिंमत झाली नाही, आणि ह्या माकडाने लुटला."

मी पेपर वाचत होते. हसले असेन. आठवत नाही.

बाबा, म्हणजे अंबादास, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. जालन्याकडच्या खेड्यातून आले, आयटीआय केलं आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत अडतीस वर्षं फिटर म्हणून काम करून निवृत्त झाले. आई गेल्यानंतरच्या वर्षी ते न्हाणीघरात दोनदा पडले. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, तोल गेलाय, तोलासाठी काहीतरी करा. बागेच्या फाटकावर ह्या वर्गाचा हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता. दुसऱ्या दिवसापासून ते जायला लागले.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बाबांनी वर्गात जायचं ठरवलं तेव्हा मी मला जे येतं ते केलं. पुस्तकं आणली. पाच. पाचही मी वाचली, बाबांनी एक अर्धं वाचलं. श्वास कधी घ्यायचा, वजन कुठल्या पायावर कधी जातं, खांदे का पडू द्यायचे, हे सगळं मला माहीत होतं. एकदाही गुडघा न वाकवता माहीत होतं.

"पहिल्या दिवशी शकुताईंनी विचारलं, काय येतं तुम्हाला," बाबांनी मला तेव्हा सांगितलं होतं. शकुताई म्हणजे त्यांच्या शिक्षिका, वयाने बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. "मी म्हणालो, काहीच नाही येत. तर म्हणाल्या, मग बरं. ज्याला थोडं येतं त्याला शिकवताना माझा जीव जातो."

पहिले चार महिने त्यांना नुसतं उभं केलं होतं. उभं राहायचं आणि एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर न्यायचं. मला हे वेळ घालवणं वाटलं. बाबांना नाही वाटलं. "आयटीआयला आम्हाला पाच महिने नुसती कानस घासायला लावली होती," ते म्हणाले. "लोखंडाचा एक ठोकळा घ्यायचा आणि घासून घासून सपाट करायचा. झाला सपाट की सर बघायचे आणि म्हणायचे, पुन्हा घे. मी दोन ठोकळे संपवले."

"आणि तुम्हाला राग नाही आला?"

"ठोकळा सपाट नव्हताच ना, माय. रागवू कोणावर?"

असं चार वर्षं चाललं. थंडीत, पावसात पत्र्याच्या शेडखाली, ताप असेल तेव्हा बाकावर बसून नुसतं बघत. एकदा विनाकारण अर्धा किलो जिलेबी घेऊन आले. कशाबद्दल विचारलं तर म्हणाले, "असंच. गरम आहे, खा." मला उशीर होत होता, मी एक कडं उभ्यानेच खाल्लं आणि निघाले.

त्याच महिन्यात कधीतरी दूध आणायला गेले असताना मी पहिल्यांदा वर्ग पाहिला. बागेच्या जाळीबाहेरून. वीसेक माणसं चार ओळींत उभी होती. शकुताई पुढे. परवा-तेरवा वर्गात आलेल्या आमच्याच मजल्यावरच्या सुगंधाकाकू मधोमध, आणि माझे बाबा शेवटच्या ओळीत, अगदी टोकाच्या कोपऱ्यात, खताच्या खड्ड्याशेजारी.

मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले.

माझे आजोबा गावच्या शाळेत वर्गाबाहेर बसून शिकले. दाराजवळ, चपलांच्या रांगेपाशी. बाबांनी हे मला लहानपणी एकदाच सांगितलं होतं, तेही एका वाक्यात. नंतर मी त्यावर बरंच वाचलं. इतकं की कोणी कोणाला कुठे बसवलं, कुठे उभं केलं, हे मला सगळ्यात आधी दिसतं. लग्नाच्या हॉलमध्ये दिसतं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये दिसतं. त्या सकाळी जाळीबाहेरूनही तेच दिसलं.

घरी आल्यावर मी बाबांना म्हणाले, "तुम्हाला मागे का उभं केलंय? कालची माणसं मध्ये आणि तुम्ही शेवटी?"

ते म्हणाले, "येऊन बघ."

"बघितलं. म्हणूनच बोलतेय."

"बाहेरून बघितलंस. आत येऊन उभी राहा."

आठ महिने हा विषय आमच्यात अधूनमधून निघायचा आणि दरवेळी तिथेच थांबायचा.

त्या रविवारी चहा झाल्यावर बाबा हॉलमध्ये सराव करायला उभे राहिले. आमचा हॉल लहान. सहा पावलं झाली की सोफा लागतो. मग ते थांबायचे, शांतपणे मागे यायचे आणि पुढचा भाग तिथून सुरू करायचे. मी पेपरच्या वरून बघत होते.

"बाबा, गुडघा पुढे जातोय. पंजाच्या पुढे जायला नको."

त्यांनी खाली पाहिलं. "खरंय." गुडघा मागे घेतला.

"चार वर्षं झाली. हे त्या सांगत नाहीत?"

"रोज सांगतात. मी विसरतो." मग तसेच, हात अर्धे वर असताना, त्यांनी विचारलं, "तुला येतं का गं हे?"

"वाचलंय मी."

"वाचलंयस ते माहितेय. येतं का?"

मी पान उलटलं.

"ये ना उद्या. अर्धा तास नुसती उभी राहा."

"कुठे? तुमच्या त्या कोपऱ्यात?"

ते हसले. "कोपऱ्यात तुला कोणी उभं नाही करणार."

मला ते हसू सहन झालं नाही. मी पेपर खाली ठेवला. माझा आवाज चढला नव्हता, हे मला नीट आठवतं. मी आवाज चढवून बोलत नाही.

"आजोबा दाराबाहेर बसले तेव्हा त्यांना इलाज नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही रोज सकाळी स्वतःच्या पायांनी जाता आणि तिथे उभे राहता. वाकायची सवय काही गेली नाही तुमची."

बाबांचे हात छातीपाशी होते. ते त्यांनी सावकाश खाली आणले, शेवटी आणतात तसे, मांड्यांपर्यंत. मग म्हणाले, "मेथी निवडायची आहे."

आम्ही दोघांनी मेथी निवडली. दुपारी भाकरी आणि मेथीची पीठ पेरून भाजी केली. ते झोपले, उठले, क्रिकेटची मॅच पाहिली. माझ्यावर रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. मग मीही काहीतरी बोलून मिटवलं असतं.

सोमवारी पहाटे मला शू-रॅक पडल्याचा आवाज आला. बाबा दाराशी भिंतीला टेकून बसले होते. डाव्या बुटाची नाडी बांधलेली होती, उजवी सुटी. माझ्याकडे बघत होते. तोंडातून शब्द येत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये सहा दिवस, आयसीयूत. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. डॉक्टर जे सांगायचे ते मला समजायचं, कारण मी घरी येऊन त्यावरही वाचत होते. समजून काही करता येत नव्हतं. मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल माझ्याकडे चौदा पानं छापलेली होती आणि मला त्यांच्या ओठांवर कापसाने पाणी लावण्याचीसुद्धा परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा त्यांचा डावा हात हलत होता. चादरीवरून हळूहळू वर यायचा, छातीच्या उंचीला थांबायचा, मग खाली जायचा. पुन्हा वर. सिस्टर म्हणाली, "मॅडम, नाकातली नळी ओढायला बघतात. दोनदा ओढली. हात बांधावा लागेल. इथे सही करा."

मी हाताकडे बघत राहिले. पाचही पुस्तकांत पहिली हालचाल तीच होती. हात खांद्यापर्यंत उचलायचे, कोपर जड ठेवायचं, मग पाण्यात बुडवावेत तसे खाली न्यायचे. हा तोच हात होता का? की ते नळीच चाचपत होते? मला सांगता येईना. त्यांच्याशेजारी जो माणूस एक दिवस उभा राहिला असेल त्याने एका नजरेत ओळखलं असतं. मी चार वर्षं त्यांच्यासमोर पेपर घेऊन बसले होते.

"मी धरून ठेवते," मी म्हणाले. "बांधू नका."

"तुम्ही दहा मिनिटं असता इथे. उरलेला दिवस?" ती चिडून बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

मी सही केली. सिस्टरने पांढरं बँडेज घेऊन त्यांचा हात पलंगाच्या दांडीला सैलसर बांधला. बांधल्यावरही तो वर यायचा, बँडेज ताणलं जाईपर्यंत, आणि तिथून खाली जायचा. मी दहा मिनिटं तेच पाहिलं. त्यांच्याशी बोला, त्यांना ऐकू येतंय, असं डॉक्टर म्हणाले होते. माझा भाऊ नाशिकला असतो. मी म्हणाले, "बाबा, प्रबुद्ध निघालाय नाशिकहून." मी म्हणाले, "बाबा, मेथी अजून थोडी उरलीय." जे बोलायचं होतं ते रोज लिफ्टपर्यंत यायचं आणि तिथेच राहायचं. सहाव्या दिवशी सकाळी फोन आला.

प्रबुद्धने सगळं पाहिलं. फॉर्म, दाखला, गाडी. घरी बुद्धवंदना झाली. मागे दाराजवळ काही माणसं हात जोडून बसली होती, त्यांना मी ओळखत नव्हते. त्यांतला एक उंच म्हातारा जाताना म्हणाला, "मी दादू. केळंवाला."

स्पीकर टीव्हीशेजारीच होता. त्यावरचा हिरवा दिवा रोज दिसायचा. पूर्ण चार्ज झालेला तो स्पीकर मी महिनाभर प्लगला तसाच ठेवला. दोन-तीनदा काढायला गेले आणि परत आले. मग एका रविवारी लवकर जाग आली, तो पिशवीत घातला आणि बागेत गेले. द्यायचा आणि यायचं, एवढंच ठरवलं होतं.

वर्ग सुरू व्हायचा होता. सगळे बाकांपाशी होते. दादूंनी लांबूनच पाहिलं.

"आला आमचा बाजा," ते म्हणाले. "महिना झाला, शकुताई मोबाइलवर लावतात. माशी गुणगुणल्यासारखं. माझं डावं-उजवं चुकतंय त्याने."

"तुजा डावा-उजवा मोबाइल यायच्या आधीपासून चुकता," शकुताई म्हणाल्या. ठेंगण्या बांध्याच्या, मालवणी हेलाच्या, सलवार-कमीज आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतल्या. त्यांचं स्टेशनजवळ ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सासरे बोटीवर खलाशी होते, सिंगापूरला ताय ची शिकून आले आणि त्यांनी सुनेला शिकवलं, असं बाबांनी सांगितलं होतं. शकुताईंनी स्पीकर घेतला आणि ओढणीच्या टोकाने पुसला.

"तुमच्यापैकी कोणी मागायला आलं नाही," मी म्हणाले.

"मीच सांगितलं, कोणी जायचं नाही म्हणून. तू येशील तेव्हा येशील." मग माझ्या पायांकडे बघितलं. मी चपला घालून आले होते. "चपला काढ. अनवाणी रव. आजचा दिवस उभी रव."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ओळी लागायला सुरुवात झाली होती आणि मी सवयीने मागे सरकले, शेवटच्या ओळीच्याही मागे, जाळीपाशी. लोकांना अडचण होऊ नये म्हणून.

"थंय नको," शकुताई पुढून म्हणाल्या. "मधी ये गो. सुगंधाच्या बाजूला."

मला वाटलं, बाप गेलाय म्हणून मान देतायत. मला राग आला. कोणाला मध्ये घ्यायचं आणि कोणाला खताच्या खड्ड्याशी ठेवायचं हे ठरवणारी ही बाई. तरी गेले. चारही बाजूंनी माणसं होती.

स्पीकरमधून बासरी सुरू झाली. हात वर गेले. मला नाव माहीत होतं, श्वास माहीत होता, कोपर कसं ठेवायचं माहीत होतं, आणि माझे खांदे कानांपर्यंत चढले होते. डावं पाऊल. वजन मागे. मी पुस्तकातली चित्रं आठवत होते आणि चित्र आठवेपर्यंत बाकीचे पुढच्या हालचालीवर गेलेले असायचे. शेवटी मी आठवणं सोडलं आणि शकुताईंच्या पाठीकडे बघायला लागले. त्यांचा हात जाईल तिकडे माझा. मांड्या थरथरत होत्या. असं बहुतेक सहा-सात मिनिटं चाललं असेल. हळूहळू मला ते थोडं जमतंय असं वाटायला लागलं.

मग सगळे वळले.

तो क्रम मध्यावर आला की पूर्ण मागे फिरतो. हे मी वाचलेलं होतं. वाचताना त्याचा अर्थ एवढाच लागला होता की तोंड दुसऱ्या दिशेला होतं. आता वळल्यावर शकुताई माझ्या पाठीमागे गेल्या. समोर शेवटची ओळ होती, जी आता पहिली झाली होती, आणि त्या ओळीतली माणसं माझ्यासारखीच मान वळवून मागे बघत होती. सुगंधाकाकूंचा हात हवेत थांबला. कोणीतरी डावीकडे गेलं, कोणी उजवीकडे. मी जिकडे बघायला मान फिरवली ती जागा रिकामी होती. टोकाचा कोपरा. खताच्या खड्ड्याशेजारी, थोडी झिजलेली माती, आणि तिथे कोणी नव्हतं.

स्पीकर वाजत राहिला. माणसं थांबली.

"झालं," दादू म्हणाले. "रोज इथेच वाट लागते. अंबादास होता तेव्हा डोळे मिटून वळायचो आपण."

शकुताई ओळींमधून चालत आल्या. स्पीकर बंद केला.

"ह्यांना मागे का ठेवलं होतं?" मी विचारलं. "बाबांना. ह्या कोपऱ्यात."

"पुढे मी, मागच्या कोपऱ्यात ज्याला सगळं येतं तो," त्या म्हणाल्या. "नवीन माणूस मधी. कुठेही वळलं तरी त्याच्यासमोर कोणीतरी असतं. माझ्या सासऱ्यांनी असंच शिकवलं, मी असंच शिकवते." मागच्या कोपऱ्याकडे त्यांनी हनुवटीने दाखवलं. "हो कोपरो सगळ्यात कठीण. वळल्यावर त्याच्यापुढे कोण नाय. सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं, आणि त्याने कोणाकडे? तुज्या बापाक मी तीन वर्षांनी दिला. तरी दोनदा नको म्हणाला. माझं अजून पक्कं नाही म्हणाला."

"ज्या दिवशी दिला त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी," सुगंधाकाकू म्हणाल्या. "घरी पण नेली होती ना?"

मी हो म्हणाले. गरम होती, तेही खरं होतं.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

शकुताईंनी माझ्याकडे बघितलं. वाईट बघितलं नाही. ब्लाउजचं माप घेताना बघतात तसं.

"तू इचारलंस काय त्याका?"

मी आठवून पाहिलं. आठ महिन्यांतलं प्रत्येक बोलणं मला जसंच्या तसं येत होतं. त्यात एकही खराखुरा प्रश्न नव्हता. मी त्यांना दरवेळी काहीतरी सांगत होते.

"नाही," मी म्हणाले.

दादू कॅप काढून पुन्हा घालत राहिले.

"त्यांचा हात," मी म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये. डावा. असा वर यायचा." मी करून दाखवला. चादरीवरून छातीपर्यंत, थांबा, खाली. "हे सुरुवातीचं आहे का? की नळीसाठी होतं? मी बांधायला सही केली."

शकुताईंनी माझा हात मनगटाला धरला आणि पुन्हा करायला लावलं. एकदा. दोनदा. दादूही जवळ येऊन बघत होते. ह्या एका गोष्टीसाठी मी आले होते, हे मला तेव्हा कळलं.

"नाय सांगू शकत," त्या अखेर म्हणाल्या. "तुझा हात आहे हा. त्याचा असता तर सांगितलं असतं."

मी मान हलवली. त्यांचा हात आता कुठे नव्हता.

"परत पहिल्यापासून," शकुताई सगळ्यांना म्हणाल्या. ओळी पुन्हा लागल्या. मागचा कोपरा तसाच रिकामा राहिला. तिथे उभं राहण्याइतकं कोणाला येत नव्हतं आणि तसं सोंग कोणी केलं नाही. स्पीकर लावायच्या आधी त्या माझ्यासमोर थांबल्या.

"तुजो बापूस म्हणायचा, माझ्या लेकीने ह्याच्यावरची सगळी पुस्तकं वाचलीत. मग काय काय येतं तुला?"

त्या वाट बघून पुढे गेल्या. बासरी सुरू झाली, हात वर गेले, खाली आले. ह्या वेळी मी चित्रं आठवली नाहीत. गुडघा पुढे जात होता, मला दिसत होतं, आणि तो मागे येत नव्हता. पाऊल, वजन, पाऊल. मग सगळे वळले आणि मीही वळले.

समोर तोच कोपरा. माझे हात छातीपाशी अडकले होते, पुढे काय ते ठाऊक नव्हतं, आणि सांगणारं कोणी नव्हतं.

"मला येत नाही, बाबा," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सुगंधाकाकूंनी मान वळवली. "मला काहीच येत नाही."